१२ व्होल्टचं पॅनल, १२ व्होल्टचाच पंखा, तरी पंखा जळाला कसा? घरी सोलर पंखा बनवायच्या आधी हे वाचा

शनिवार म्हणजे काष्टीचा बाजार. श्रीगोंदा तालुक्यातलं, दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरचं हे गाव जनावरांच्या बाजारासाठी लांबलांबपर्यंत माहितीय. एप्रिल लागला की या बाजारात दुपारी बाराच्या पुढे एकच दृश्य दिसतं. ताडपत्रीखाली बसलेला प्रत्येक माणूस हाताला येईल त्याने वारा घेत असतो. कुणाची टोपी, कुणाचं उपरणं, कुणाचं पावतीबुक.

काष्टी माझं आजोळ. मामाची वस्ती गावापासून आत, उसाच्या रानात. तिथल्या लाईटचं वेळापत्रक काय असतं हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगायला नको. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि वारं सुटलं की कधीच नाही. गंमत म्हणजे शेतीला दिवसा सौरवीज द्यायची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या प्रकल्पासाठी निवडलेलं गाव याच जिल्ह्यातलं होतं, पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी. ती योजना पंपांसाठी आहे. दुपारी बाजेवर पडलेल्या आजीच्या तोंडावर वारा कुठून आणायचा, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.

तर मागच्या उन्हाळ्यात मी तो आपल्या कक्षेत घेतला. 'शंभर रुपयांत सोलर पंखा' छाप रील तुम्हीही पाहिली असतील. पॅनल घ्या, पंखा घ्या, लाल वायर लालला, काळी काळीला, झालं. मी बारा व्होल्टचं १० वॅटचं पॅनल आणलं, कॉम्प्युटरच्या डब्यात असतो तो बारा व्होल्टचा चौकोनी पंखा आणला आणि अंगणात जोडला. पंखा असा काही सुटला की मामाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातून किरकिर आवाज आला, जळका वास आला आणि विषय संपला.

दुकानदाराने फसवलं, असं मला वाटलं. पण पॅनल चांगलं होतं आणि पंखाही. चूक होती 'बारा' या आकड्यावर विश्वास ठेवण्याची.

पॅनलवरचा 'बारा' म्हणजे नेमकं काय?

पॅनल उलटं करून मागचं स्टिकर वाचा. बारा व्होल्टच्या १० वॅट पॅनलवर साधारण तीन आकडे सापडतील. व्हीओसी, म्हणजे काहीच न जोडता पॅनलच्या दोन टोकांत मिळणारा व्होल्टेज, २१ ते २२. व्हीएमपी, म्हणजे पॅनल पूर्ण ताकदीने काम करताना मिळणारा व्होल्टेज, १७ ते १८. आणि त्या वेळचा करंट, अर्ध्या अँपिअरहून थोडा जास्त. बारा कुठेच नाही.

कारण साधं आहे. पॅनलमध्ये सिलिकॉनचे छोटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात, बहुतेक वेळा ३६. एक सेल काम करताना सुमारे अर्धा व्होल्ट देतो. ३६ अर्धे म्हणजे १८. हे पॅनल बनवलंय बारा व्होल्टची बॅटरी चार्ज करायला. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी ती पूर्ण भरायला चौदा-साडेचौदा व्होल्ट लावावे लागतात, आणि उन्हात तापल्यावर पॅनलचा व्होल्टेज पडतो, म्हणून वर थोडी शिल्लक ठेवलेली. थोडक्यात, 'बारा व्होल्टचं पॅनल' याचा अर्थ 'बारा व्होल्टच्या बॅटरीसाठीचं पॅनल'.

आता माझ्या पंख्याचं काय झालं ते बघा. त्यावर लिहिलं होतं १२ व्होल्ट, ०.२५ अँपिअर. त्याला पाव अँपिअर हवा होता आणि पॅनलकडे त्याच्या दुप्पट तयार होता.

ठिबक असलेल्या रानातल्या माणसाला हे चटकन कळेल. दहा लाईनींसाठी मोटर लावली आणि दोनच लाईनी उघड्या ठेवल्या, तर पाईपातलं प्रेशर वाढतं आणि कुठलातरी जॉइंट उडतो. पॅनलचंही तसंच आहे. करंट कमी खेचला की व्होल्टेज वर चढून बसतो. माझ्या पंख्याला बाराऐवजी एकोणीस-वीस व्होल्ट मिळत होते. तो जोरात फिरत होता याचं कौतुक आम्ही करत होतो, तेव्हा तो बिचारा मरत होता.

यावर उलटा उपाय अनेक जण करतात. छोटं पॅनल घेतात, तीन वॅटच्या पंख्याला तीनच वॅटचं. भर दुपारी कसंबसं चालतंही. पण पंखा सुरू होताना क्षणभर जास्त करंट मागतो. ढग आला, ऊन तिरपं झालं की पंखा एकदा थांबतो आणि मग हाताने ढकलल्याशिवाय उठत नाही.

योग्य उपाय आहे मोठं पॅनल आणि मध्ये एक छोटी पट्टी.

ती छोटी पट्टी: बक कन्व्हर्टर

नाव जड आहे, वस्तू काडेपेटीपेक्षा लहान आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 'एलएम २५९६ मॉड्यूल' म्हणून मागा. मला शंभर रुपयांच्या आत मिळालं. एका बाजूने जास्त व्होल्टेज घालायचा, दुसऱ्या बाजूने आपण ठरवलेला कमी आणि स्थिर व्होल्टेज बाहेर येतो. वरच्या निळ्या ठोकळ्यावर पितळी स्क्रू असतो, तो फिरवून व्होल्टेज ठरवायचा.

हिचा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा आहे. १० वॅटच्या पॅनलवर ३ वॅटचा पंखा लावला की ताकद वाया जाते असं वाटतं. पण पट्टी मध्ये असेल तर पॅनल पूर्ण क्षमतेच्या चाळीस टक्क्यांवर आलं तरी पंखा आपल्या वेगाने फिरत राहतो. म्हणजे सकाळी नवाच्या आसपास सुरू झालेला पंखा दुपारी चारच्या पुढेही चालतो. जास्तीचं पॅनल म्हणजे जास्तीचे तास.

आता बनवूया

लागतं ते एवढं: १० वॅटचं पॅनल, १२ सेंटिमीटरचा बारा व्होल्ट डीसी पंखा आणि त्यावर बसणारी तारेची जाळी, बक मॉड्यूल, पाच मीटर दोन पदरी तांब्याची वायर, एक स्विच, इन्सुलेशन टेप आणि मल्टीमीटर. मल्टीमीटरवर पैसे वाचवू नका. दोनशे रुपयांच्या आसपासचा साधा मीटर पुरतो, आणि तो असता तर माझा पहिला पंखा आज जिवंत असता. पॅनल सोडलं तर बाकी सगळं हजार रुपयांच्या आत बसलं. पॅनलचा भाव दुकानागणिक बदलतो, म्हणून दोन ठिकाणी विचारा.

पहिलं काम, पंखा बाजूला ठेवा. खरंच, लांब ठेवा. पॅनल उन्हात ठेवून मीटरने त्याच्या दोन वायरींतला व्होल्टेज मोजा आणि प्लस कोणती ते खात्रीने ओळखा. रंगावर जाऊ नका, मी लाल वायर मायनसला लावलेलं पॅनल पाहिलंय. मग पॅनल कापडाने झाका. हे बटण नसलेलं यंत्र आहे, ऊन पडलं की ते चालूच असतं. झाकलेल्या अवस्थेत पॅनलच्या वायरी मॉड्यूलच्या 'इन'च्या प्लस-मायनसला जोडा. इथे उलटं जोडलं तर मॉड्यूल जातं, ते माफ करत नाही.

कापड काढा. मीटर मॉड्यूलच्या 'आउट'ला लावा आणि पितळी स्क्रू फिरवायला लागा. सुरुवातीचे कित्येक फेरे काहीच बदलत नाही आणि माणसाला वाटतं मॉड्यूल बिघडलंय. बिघडलेलं नसतं. आकडा वाढायला लागला तर उलट दिशेने फिरवा. १२ वर आला की थांबा. आता पंखा जोडा, मध्ये स्विच टाका.

हे पंखे उलट्या वायरीवर फिरत नाहीत, काही वेळा खराबही होतात. खेळण्यातली साधी मोटर वापरली असेल तर उलट्या वायरीवर ती उलटी फिरते आणि वारा मागे जातो. मोटर साधी असेल तर वायरींची अदलाबदल करा, काम झालं.

पंख्याचा वारा बहुतेक वेळा स्टिकर आणि आडव्या दांड्या असलेल्या बाजूने बाहेर पडतो. काही पंख्यांच्या कडेला बाणही कोरलेला असतो. आम्ही तेलाच्या पाच लिटरच्या रिकाम्या कॅनला भोक पाडून पंखा त्यात बसवला, मागची बाजू हवेसाठी कापून टाकली, तळाशी वजनाला वाळू भरली. दिसायला भयंकर आहे. जाळी मात्र पुढून आणि मागून दोन्हीकडे लावा. पाती लहान असली तरी लहान मुलाच्या बोटाला ती लहान नाहीत.

वायर पाच मीटर का? कारण पॅनलला ऊन हवं आणि माणसाला सावली. रीलमध्ये पंखा पॅनललाच चिकटवलेला असतो, त्यामुळे वारा घ्यायला माणसाने उन्हात बसायचं की काय, हे कुणी सांगत नाही. एवढ्या कमी करंटला पाच मीटरमध्ये काही नुकसान होत नाही.

मीटर १९ दाखवतोय, पंखा हलत नाही

हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच सकाळी पडणार. सात वाजता पॅनल बाहेर ठेवलं, मीटरवर १९ व्होल्ट आले आणि पंखा ढिम्म. परत ठिबकवर येऊ. मोटर धाप टाकत चमचाभर पाणी देत असली, तरी सगळे कॉक बंद असताना पाईप हळूहळू भरतो आणि गेजचा काटा वर जातो. एक कॉक उघडला की काटा खाली. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून त्याला पॅनल भरलेलं दिसतं. पंखा करंट मागतो तेव्हा खरं कळतं. व्होल्टेज कोवळ्या उन्हातही बराचसा मिळतो, करंट मात्र उन्हाच्या प्रमाणातच येतो.

पॅनल कसं ठेवायचं याबद्दल इंटरनेटवर 'दक्षिणेकडे तिरपं' एवढंच सापडतं. वर्षभरासाठी छतावर कायमचं बसवायचं असेल तर ते बरोबर आहे. पण उन्हाळ्यात काष्टीच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याला सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, तोच शून्य सावली दिवस, ज्याचे फोटो आपण दरवर्षी टाकतो. म्हणजे एप्रिल-मे मध्ये पॅनल सपाट ठेवलं तरी उत्तम चालतं. हिवाळ्यात मात्र दक्षिणेकडे चांगलं कलवा.

सावलीबाबत पॅनल फार नाजूक असतं. सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने बाभळीची एक फांदी दोन-तीन सेलवर आली तरी सगळ्या पॅनलचा करंट अडतो. आणि पत्र्यावर ठेवू नका. स्टिकरवरचे १० वॅट सेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. मे मधल्या दुपारी सेल साठीच्या पुढे जातो आणि दर अंशाला सुमारे ०.४ टक्के ताकद कमी होते, म्हणजे दहाचे साडेआठ. बाजेवर ठेवलं तर खालून वारा लागतो. आजी आता कुरडया वाळत घालते तेव्हा शेजारी पॅनलही ठेवते. "त्यालाही ऊन दाखवायला लागतं," असं शेजारणीला सांगते. कुरडयांसारखंच त्याच्यावरचं कावळ्याचं काम पुसायलाही तीच असते.

रात्रीचं काय?

इथे खर्च वाढतो आणि काळजीही. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे यूएसबी पंखा आणि पॉवर बँक. मॉड्यूलचा आउटपुट बाराऐवजी पाच व्होल्टवर आणा किंवा यूएसबी सॉकेट असलेलंच मॉड्यूल घ्या, दिवसा पॉवर बँक भरा, रात्री तिच्यावर पंखा. पॉवर बँकवरचे १०,००० एमएएच आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, म्हणजे ३७ वॅट-तास. पाच व्होल्टवर येईपर्यंत त्यातले पंचवीस-तीसच हाती लागतात. तीन वॅटचा पंखा आठ-नऊ तास चालला तर समाधान माना. पॉवर बँक पॅनलसोबत उन्हात ठेवू नका, ती सावलीत, वायर लांब. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून बॅटरी बनवण्याची रील दिसली तर पुढे सरका, पहिल्या प्रकल्पात लिथियम सेलशी खेळायचं नाही.

दुसरा मार्ग, यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी. तिचे ८४ वॅट-तास होतात. पण शिशाची बॅटरी रोज पूर्ण रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून निम्मेच, ४२ धरा. तीन वॅटचा पंखा रात्रभर चालून वर शिल्लक राहते. १० वॅटचं पॅनल उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवशी, सगळं नुकसान धरून, तीस-पस्तीस वॅट-तास परत भरतं. रात्रीच्या दहा तासांचं गणित बसतं, जेमतेम. दिवसाही पंखा त्याच पॅनलवर लावलात तर बसत नाही, मग २० वॅटचं पॅनल घ्या.

बॅटरी आली की पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. नाहीतर भरलेली बॅटरीही पॅनल भरतच राहतं. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. सोडवताना आधी पॅनल, मग बॅटरी. पंखा कंट्रोलरच्या लोडच्या टोकांना आपल्या बक पट्टीतूनच द्या. रात्री तो थोडा हळू फिरेल, त्याची तक्रार झोपलेला माणूस करत नाही. आणि बॅटरीच्या प्लसच्या अगदी जवळ दोन अँपिअरचा फ्यूज टाका. पॅनलच्या वायरी एकमेकींना लागल्या तर काही विशेष होत नाही, पण बॅटरीच्या लागल्या तर वायर लालभडक होऊन पेटते. ही बॅटरी दोन किलोच्या पुढे जाते, तेव्हा 'पोर्टेबल' हा शब्द पिशवी उचलणाऱ्याला विचारून वापरा.

हे सगळं शाळकरी पोरांना जमेल का? २०१८ च्या २ ऑक्टोबरला आयआयटी मुंबईने हजारो विद्यार्थ्यांकडून त्यांच्याच हाताने सौर दिवे जोडून घेतले होते. पॅनल, बॅटरी, सर्किट आणि दिवा. आपल्याकडे दिव्याच्या जागी पंखा आहे, एवढाच फरक. शिक्षक किंवा घरातलं मोठं माणूस शेजारी असेल तर आठवीचं पोरगं हे एका दुपारी करतं.

हा पंखा काय करू शकत नाही

घरातला साधा छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो. आपला तीन. त्यामुळे खोली गार होईल अशी अपेक्षा ठेवू नका. दीड-दोन फुटांवर एका माणसाच्या तोंडाला वारा, एवढंच त्याचं राज्य. ताडपत्रीखालच्या व्यापाऱ्याला, अभ्यासाला बसलेल्या पोराला ते पुरतं. मोठा वारा हवा तर १२ ते १५ वॅटचा डीसी टेबल फॅन आणि त्याला चाळीस वॅटचं पॅनल, तत्त्व तेच.

पण एक गोष्ट वॅटने सुटत नाही. पंखा हवा गार करत नाही, हलवतो. आपल्याला गार वाटतं ते घाम सुकल्यामुळे. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गरम झाली की वारा एका बाजूने घाम सुकवतो आणि दुसऱ्या बाजूने अंगावर उष्णता आणून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की तापमान ४० अंशांच्या वर गेलं की पंख्यावर विसंबू नका, तो शरीर उलट तापवू शकतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये चाळिशी ओलांडणारे दिवस नवे नाहीत. म्हातारपणी घामही कमी येतो, तान्ह्या बाळाला सांगता येत नाही. ऊसतोडीचा हंगाम लांबला की रानातल्या कोप्यांमध्ये झोळीत झोपलेली बाळं मार्च-एप्रिलचं ऊन अंगावर घेतात. अशा झोळीपुढे पंखा लावून आई फडात गेली आणि 'वारा आहे ना' म्हणून निर्धास्त राहिली, तर तो पंखा धोक्याचा आहे.

अशा दुपारी आमच्याकडे पंख्यासोबत ओलं फडकं असतं. मानेवर, हातापायांवर ओलं सुती कापड ठेवून वारा घेतला की आपल्या कोरड्या हवेत ते पाणी झपाट्याने सुकतं आणि घामाचं काम करतं. कापड सुकलं की परत भिजवायचं, तांब्याभर पाणी पोटातही जायला हवं. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, शुद्ध हरपतेय असं वाटलं, तर पंखा, फडकं यांवर वेळ घालवत बसू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत आणून अंगावर पाणी घाला.

दुसरा पंखा बसवून आता वर्ष होत आलं. मधल्या पावसाळ्यात मॉड्यूलमध्ये ओल गेली आणि ते बदलावं लागलं. नवं मॉड्यूल प्लास्टिकच्या साबणदाणीत बंद करून वायरीची भोकं खालच्या बाजूने पाडलीत. पहिला जळका पंखा मामाने टाकू दिलेला नाही. गोठ्याच्या खुंटीला टांगलाय, आणि कुणी नवा सोलर पंखा बघायला आलं की आधी तो दाखवतो.